लुगर पिस्तूल खरं की जुळवलेलं? जर्मन लष्करी पिस्तुलांचं वय आणि खरेपण कसं ओळखतात

एका लिलावाच्या छायाचित्रात १९३९ साल कोरलेलं लुगर पिस्तूल आहे, असं समजा. अंग निळसर काळं, चकचकीत. ट्रिगर, सेफ्टीचा खटका, मॅगझिन म्हणजे काडतुसांची डबी सोडायचं बटण हे छोटे भाग मात्र सोनेरी पिवळे. देखणं दिसतं, आणि नवख्या संग्राहकाला त्या सोनेरी रंगाचंच अप्रूप वाटतं. जाणकार नेमका तिथेच थबकतो. तेव्हा लुगर बनवणाऱ्या माउझर या जर्मन कारखान्याने १९३७ मध्ये ही सोनेरी छटा देणं सोडून दिलं होतं. १९३९च्या पिस्तुलाचा ट्रिगर बाकीच्या अंगासारखा निळा-काळाच हवा. तो सोनेरी असेल तर ते भाग दुसऱ्या, जुन्या पिस्तुलातून आलेत किंवा नंतर कुणीतरी रंगवलेत.

पिस्तुलाचं खरेपण कुठल्याही एका शिक्क्यावर किंवा नंबरावर ठरत नाही. प्रत्येक कारखान्याची प्रत्येक काळात काम करण्याची एक रीत होती. शिक्के, नंबर, रंग, लाकूड, पॉलिश या सगळ्यांनी मिळून एकाच सालाची साक्ष द्यायला हवी. एकाने जरी वेगळं साल सांगितलं तर का, हे शोधावं लागतं. कधी कारण प्रामाणिक दुरुस्तीचं निघतं, कधी फसवणुकीचं. हा फरक कळला की या छंदाचा अर्धा अभ्यास झाला असं मी मानतो.

थोडा इतिहास आधी. ह्युगो बोर्शार्ट या अभियंत्याने १८९३ मध्ये एक स्वयंचलित पिस्तूल तयार केलं, ते बर्लिनच्या लुडविग लोव्हे कंपनीने बनवलं. यंत्रणा हुशारीची होती, पण पिस्तूल बोजड आणि हातात धरायला अवघड. त्याला माणसाच्या हातात बसेल असं रूप दिलं गेऑर्ग लुगर या ऑस्ट्रियन माणसाने. १८९६ मध्ये लोव्हेचा शस्त्रव्यवसाय डीडब्ल्यूएम या कंपनीत गेला आणि लुगरचं पिस्तूल तिथून बाहेर पडू लागलं. पहिलं गिऱ्हाईक जर्मनी नव्हतं. १९०० मध्ये स्विस सैन्याने ते ७.६५ मिलिमीटरच्या काडतुसासह स्वीकारलं. जर्मन नौदलाने १९०४ मध्ये लांब नळीचं घेतलं, आणि १९०८ मध्ये सैन्याने ९ मिलिमीटरचं, १०० मिलिमीटर नळीचं पिस्तूल घेतलं. त्याचं लष्करी नाव ‘पी-०८’. तोफखान्यासाठी २०० मिलिमीटर नळीचं वेगळं रूप १९१३ मध्ये आलं.

लुगरच्या पाठीवर दोन गोल गुंड्या असलेला, गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा असतो. त्याला टॉगल म्हणतात. गोळी सुटली की नळी आणि टॉगल मिळून थोडं मागे सरकतात. तोवर सांधा सरळ, म्हणजे कुलूपबंद. मग त्या गुंड्या फ्रेमच्या, म्हणजे मूठ असलेल्या खालच्या सांगाड्याच्या, चढावर आपटतात, सांधा वर दुमडतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं. हे नीट चालायचं तर भागांची मापं एकमेकांना अगदी अचूक बसावी लागतात. म्हणून कारागीर प्रत्येक पिस्तुलाचे भाग हाताने घासून जुळवत. जुळवलेले भाग नंतर पॉलिश आणि रंगाला जात, तेव्हा ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांवर नंबर ठोकत.

आज संग्राहक ज्या ‘मॅचिंग नंबर’वर जीव टाकतात त्याचं मूळ हे असं कारखान्याच्या गरजेत आहे. फ्रेमच्या पुढच्या बाजूला, रिसीव्हरच्या (नळी बसवलेल्या वरच्या भागाच्या) डाव्या अंगाला आणि नळीच्या पोटाखाली पूर्ण नंबर असतो. टॉगलच्या कड्या, बाजूची पट्टी, ट्रिगर, सेफ्टीची पट्टी अशा छोट्या भागांवर शेवटचे दोन आकडे. एर्फुर्टच्या सरकारी शस्त्रागारात तर नंबर ठोकण्याचा उत्साह इतका, की डीडब्ल्यूएमच्या पिस्तुलात कोरे असणारे भागही तिथे नंबराशिवाय सुटत नसत. त्या कारखान्याची खूण टॉगलवर दिसते: मुकुट, आणि खाली एर्फुर्ट हे नाव. डीडब्ल्यूएमची खूण म्हणजे तीन अक्षरांची एकमेकांत गुंतलेली वळणदार नक्षी.

नंबराबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोक विचारतात, ‘माझ्या पिस्तुलाचा नंबर ४५२१ आहे, कधीचं असेल?’ पहिल्या महायुद्धाच्या काळात दरवर्षी नंबर १ पासून सुरू होत आणि १०,००० पर्यंत जात. मग पुन्हा १ पासून, पण मागे एक छोटं लिपी-अक्षर लावून. ते दहा हजार संपले की पुढचं अक्षर. पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून. शिवाय डीडब्ल्यूएम आणि एर्फुर्ट यांची मालिका स्वतंत्र. त्यामुळे ४५२१ हाच आकडा असलेली अनेक लुगर जगात आहेत आणि ती सगळी खरी आहेत. साल, कारखाना, आकडा आणि मागचं अक्षर या चारही गोष्टी मिळूनच एका पिस्तुलाची ओळख पटते. विक्रेता अक्षर सांगायचं टाळत असेल, किंवा छायाचित्रात नेमकं तेवढंच अंधारात असेल, तर मी तो व्यवहार तिथेच थांबवा असं सांगेन.

मॅगझिनचा वेगळा विषय आहे. पिस्तुलासोबत दोन मॅगझिन दिली जात आणि दोन्हींच्या बुडावर पिस्तुलाचाच नंबर असे. पहिल्या महायुद्धातल्या जादा मॅगझिनवर अधिकचं चिन्हही. बूड तेव्हा लाकडाचं होतं, पुढे ॲल्युमिनियमचं आलं. रणांगणात मॅगझिन हरवतात, अदलाबदल होतात. म्हणून नंबर न जुळणारं मॅगझिन ही तशी स्वाभाविक गोष्ट आहे. जुळणारं मॅगझिन सापडलं तर किंमत बरीच वाढते, आणि म्हणूनच लाकडी बुडावरचा नंबर घासून नवा कोरण्याचे उद्योग सर्रास चालतात. शंभर वर्षांपूर्वीच्या लाकडात ठोकलेल्या आकड्याच्या खाचेत मळ, तेल मुरलेलं असतं. ती खाच स्वच्छ, उजळ दिसली तर काहीतरी गडबड आहे.

आता १९१७चं डीडब्ल्यूएम पिस्तूल उलटं करून नळीच्या पोटाखाली बघा. तिथे नंबर आहे, आणि जवळच ‘८,८२’ यासारखा आकडा. दशांशाच्या जागी स्वल्पविराम, कारण जर्मनीत तसंच लिहितात. हा नळीच्या आतला, मिलिमीटरमध्ये मोजलेला व्यास. तपासणाऱ्याने मापक घालून पाहिलं आणि मिळालेलं माप तिथेच ठोकून ठेवलं. बनावट करणारे चेंबरवरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भागावरच्या, सालाची आणि गरुडाच्या शिक्क्याची काळजी घेतात, ते सगळ्यांना दिसतं. पोटाखालचा हा बारीक आकडा अनेकदा विसरतात. त्याच्या शेजारी, जिथे नळी रिसीव्हरमध्ये फिरवून घट्ट बसवलेली आहे तिथे, दोन्ही भागांवरून जाणारी छिन्नीची एक बारीक रेघ असते. रेघेचे दोन्ही तुकडे एका सरळ ओळीत असतील तर नळी कारखान्यातून निघाल्यापासून हललेली नाही. रेघ तुटलेली असेल, किंवा अर्धीच असेल, तर नळी बदललेली आहे. वरचा नंबर कितीही सुबक जुळत असला तरी.

नवख्यांची सगळ्यात जास्त फसवणूक होते ती रंगाच्या बाबतीत, म्हणून इथे जरा थांबतो.

१९३७ पर्यंतच्या लुगरचा निळसर काळा रंग हा खरं तर आटोक्यात ठेवलेला गंज आहे. पॉलिश केलेल्या पोलादाला सौम्य आम्लाचं मिश्रण लावून त्यावर मुद्दाम बारीक गंज चढू देत. मग तो भाग उकळत्या पाण्यात घालत. तांबडा गंज काळ्या लोहभस्मात बदले. ब्रशने घासून वरचा सैल थर काढत आणि हेच पुन्हा पुन्हा करत. प्रत्येक फेरीत रंग गडद होई. हे काम वेळखाऊ, पण टिकाऊ. नीट पाहिलं तर या रंगाच्या खाली मूळ पॉलिशच्या बारीक रेषा एका दिशेने जाताना दिसतात, आणि फ्रेमच्या आतला भाग पांढरा, म्हणजे कोऱ्या पोलादाचा असतो. छोटे भाग तापवून रंगवत. पोलाद २०० अंशांच्या वर तापलं की पृष्ठभाग गवताच्या वाळक्या काडीसारखा पिवळा होतो. तिथेच थांबवलं की ती सोनेरी छटा मिळते.

१९३७ मध्ये माउझरने तापलेल्या क्षारांच्या द्रावणात भाग बुडवायची पद्धत घेतली. झटपट, स्वस्त. सगळे भाग एकत्र बुडत, त्यामुळे आतबाहेर सगळीकडे रंग चढे आणि सोनेरी भागांची रीत संपली. म्हणून १९१७च्या पिस्तुलाची फ्रेम आतूनही काळीभोर असेल आणि ट्रिगर काळा असेल, तर ते नंतर कुणीतरी बुडवून काढलंय. दिसायला ते मूळ पिस्तुलापेक्षा नवंकोरं दिसेल, आणि किंमत त्यामुळेच घसरेल.

नवा रंग चढवण्याआधी जुना घासून काढावा लागतो, आणि हे घासणं लपत नाही. आकडा ठोकला की धातू बाजूला सरकतो आणि खाचेच्या कडेला अगदी बारीक उंचवटा उभा राहतो. बोटाने फिरवलं तर जाणवतो. घासणाऱ्या चाकाने तो पहिल्यांदा जातो. मग आकड्याच्या कडा पुसट होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा आत खचून गोल होतात, सपाट पृष्ठभाग मिळतात तिथली धारदार कड मऊ पडते. रिसीव्हरच्या उजव्या बाजूला मुकुटाखाली गॉथिक अक्षरं असलेले तपासणीचे शिक्के असतात. मुकुटाची वरची टोकं गेलेली दिसली तर घासकाम नक्की झालंय. चमकदार रंगाखाली पुसट शिक्के आणि खड्डे दिसले तर समजायचं, गंजाचे खड्डे आधी होते आणि रंग नंतर आला.

दुसरं मोठं कोडं सालांचं. काही लुगरच्या चेंबरवर दोन सालं दिसतात: १९१८ आणि वर १९२०. पाहणाऱ्याला वाटतं, १९२० मध्ये दुरुस्त झालं असावं, किंवा कुणीतरी छेडछाड केली असावी. खरं कारण राजकीय आहे. युद्ध हरल्यावर जर्मनीत लाखो शस्त्रं घराघरांत, खासगी टोळ्यांकडे विखुरलेली होती. व्हर्सायच्या तहाने सैन्य एक लाखावर आणलं. सरकारी मालकीची शस्त्रं कुठली आणि दडवलेली कुठली हे ओळखता यावं म्हणून १९२० मध्ये सरकारी शस्त्रांवर ‘१९२०’ ही मालकीची खूण ठोकली. म्हणजे ते दुसरं साल बनवण्याचं नाही, नोंदीचं आहे. अशी दोन सालं असलेलं पिस्तूल पूर्णपणे खरं असू शकतं, आणि माझ्या मते त्यात इतिहास एकाच सालाच्या पिस्तुलापेक्षा जास्त आहे.

त्याच तहाने निर्यातीसाठीच्या पिस्तुलांवर बंधनं आणली. १९२०च्या दशकात बाहेर विकलेली बहुतेक लुगर १०० मिलिमीटरपेक्षा आखूड नळीची आणि ७.६५ मिलिमीटरची आहेत ती त्यामुळे. अनेकांवर इंग्रजीत ‘जर्मनी’ असा शिक्का असतो. अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर कुठल्या देशाचा ते छापावं लागे. तो शिक्का दिसला की ‘आजोबांनी रणांगणावरून आणलं’ ही गोष्ट बाजूला ठेवायची. ते पिस्तूल दुकानातून गेलं आहे.

सैन्यासाठी पुरवठा करायला परवानगी मिळाली ती झूल गावच्या झिमसन कंपनीला. बंद झालेल्या एर्फुर्टची यंत्रं तिथे गेली. झिमसन हे ज्यू कुटुंब. नाझी सत्तेवर आल्यावर १९३५-३६ मध्ये त्यांचा कारखाना बळकावला गेला आणि कुटुंबाला देश सोडून पळावं लागलं. झिमसनचं नाव टॉगलवर असलेलं पिस्तूल दुर्मीळ म्हणून महाग मिळतं. ते विकणाऱ्याने ही हकीकतही सोबत सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

डीडब्ल्यूएमचं लुगरचं काम १९३० मध्ये यंत्रं आणि कामगारांसकट नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावी, माउझरकडे गेलं. तिथून सांकेतिक खुणांचा काळ सुरू होतो. टॉगलवर माउझरच्या नावाऐवजी ‘एस/४२’, आणि चेंबरवर सालाऐवजी एक अक्षर: ‘के’ म्हणजे १९३४, ‘जी’ म्हणजे १९३५. तह मोडून शस्त्रं वाढवली जात होती, कोण किती बनवतंय हे बाहेर कळू द्यायचं नव्हतं. मार्च १९३५ मध्ये हिटलरने सक्तीची लष्करभरती उघड जाहीर केली, लपवण्यासारखं फारसं उरलं नाही, आणि १९३६ पासून साल पुन्हा पूर्ण आकड्यांत येतं. १९३९च्या सुमारास ‘एस/४२’चं नुसतं ‘४२’ झालं. लक्षात ठेवा, हे ४२ म्हणजे १९४२ नव्हे. विक्रेते सुद्धा इथे चुकतात. १९४१ मध्ये ‘बीवायएफ’ ही तीन अक्षरं आली आणि सालाचे शेवटचे दोनच आकडे. १९४२ मध्ये माउझरने सैन्यासाठी लुगर बनवणं थांबवलं. वाल्टर कंपनीचं पी-३८ सोपं, कमी हातकामाचं होतं आणि तेच पुढे चाललं.

तपासणीचे शिक्केही याच क्रमाने बदलतात. माउझरच्या पिस्तुलावर गरुडाखाली आधी ६३, मग ६५५, मग १३५. त्यामुळे १९३७च्या पिस्तुलावर गरुड १३५ दिसला तर तो त्या रिसीव्हरचा नाही.

बाजारात सगळ्यात जास्त खोटेपणा जिथे होतो ते नाव क्रीगहॉफ. झूलच्याच या कंपनीला हवाई दलाकडून १०,००० पिस्तुलांचं काम मिळालं होतं. माउझरच्या उत्पादनापुढे हा आकडा काहीच नाही, म्हणून किंमत कित्येक पट. साहजिकच साध्या माउझरचं टॉगल घासून त्यावर क्रीगहॉफची खूण कोरणारे आहेत. अशा वेळी सगळं अंग क्रीगहॉफचं आहे का हे पाहायचं: त्यांच्या शिक्क्यात गरुडाखाली २ असतो, आणि ठिकठिकाणी तोच हवा.

नाझींच्या एसएस या संघटनेच्या खुणा, कवटीचे शिक्के, नाझी अधिकाऱ्यांची कोरीव नावं यांच्या बाबतीत माझा सल्ला सरळ आहे: खोटं समजून सुरुवात करा. अशी खूण ठोकायला एक छिन्नी पुरते, आणि तिने किंमत फुगते. ज्या संघटनेने माणसं मारली तिच्या चिन्हासाठी जास्त पैसे मोजायची हौस असल्यामुळेच हा धंदा चालतो. ‘ब्लॅक विडो’ हे नावही युद्धानंतर अमेरिकी विक्रेत्यांनी विक्रीसाठी पाडलेलं. काळ्या बेकलाइटच्या (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या) मुठीचं १९४१-४२चं माउझर, इतकाच त्याचा अर्थ.

प्रत्येक बदललेलं पिस्तूल मात्र फसवणुकीचं नसतं. लाल सैन्याने पकडलेली लुगर आणि पी-३८ सोव्हिएत गोदामांत गेली, तिथे ती उघडून, भाग मिसळून, एकत्र बुडवून पुन्हा जोडली. नंबर जुळत नाहीत, कधी नंबरच खोडून नवे लिहिलेले. पूर्व जर्मनीच्या पोलिसांनीही जुनी लुगर दुरुस्त करून वापरली, त्यांच्या प्लास्टिकच्या मुठीवर एकात एक वर्तुळांची नक्षी असते. हा त्या पिस्तुलांचा खरा इतिहास आहे. रशियन गोदामातलं म्हणून योग्य किमतीला विकलं तर त्यात काहीच वावगं नाही. तेच घासूनपुसून ‘मूळ’ म्हणून विकणं ही लबाडी.

माउझरचं सी-९६ हे दुसरं मोठं नाव. ट्रिगरच्या पुढे डबीसारखं मॅगझिन, झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ. १९१६ मध्ये प्रशियाच्या सैन्याने याच पिस्तुलाची १,५०,००० नगांची मागणी ९ मिलिमीटरमध्ये नोंदवली. नेहमीचं सी-९६ ७.६३ मिलिमीटरचं, दोन्ही दिसायला सारखी. शिपायाने चुकीचं काडतूस घालू नये म्हणून लाकडी मुठीवर मोठा ९ कोरून लाल रंग भरला. आज ९ कोरलेल्या नव्या मुठी सहज विकत मिळतात. तेव्हा मूठ सोडा आणि नेम धरायच्या मागच्या पट्टीकडे बघा: लष्करी मागणीच्या पिस्तुलांवर अंतराचे आकडे ५०० मीटरपर्यंत, नेहमीच्या व्यापारी पिस्तुलांवर बहुधा १००० पर्यंत.

याच पिस्तुलाने भारताच्या इतिहासातही जागा मिळवली. २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्याच्या रोडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या मालातून बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली. कस्टममधून माल सोडवायला कंपनीचाच कारकून गेला होता, त्याने दहा पेट्या वेगळ्या वाटेला लावल्या. मात्र प्रत्येक पिस्तुलाचा नंबर कंपनीच्या वहीत होता. पुढे एखादं माउझर पोलिसांच्या हाती लागलं की वही उघडून ते त्याच चोरीतलं आहे की नाही हे ठरवता येई. रौलट समितीच्या १९१८च्या अहवालात या पिस्तुलांचा वापर झालेल्या ५४ घटना आणि परत मिळालेली ३१ पिस्तुलं नोंदवली आहेत. भारतात कुणी ‘रोडाचं माउझर’ म्हणून काही दाखवलं, तर नंबर त्या नोंदीशी जुळतो का, हा एकच प्रश्न पुरेसा आहे.

कागदांचं वजनही असंच नंबरावर ठरतं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकाला पकडलेलं पिस्तूल घरी न्यायचं तर अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला लागे. त्या दाखल्यावर पिस्तुलाचा नंबर असेल तर तो पुरावा. नुसतं ‘एक जर्मन पिस्तूल’ असं लिहिलेलं असेल तर तो कागद कुठल्याही पिस्तुलाला लावता येतो.

कायद्याचंही स्पष्ट सांगितलं पाहिजे. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेलंच शस्त्र कायद्याने ‘अँटिक’. त्यात सुरुवातीची काही सी-९६ बसतात, लुगर बसत नाही. भारतात ९ मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर (नळीच्या व्यासाचा प्रकार) आहे, साध्या परवान्यावर ते ठेवता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात पुरातन शस्त्रांना सवलत आहे, पण दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा शस्त्रालाच. चालू स्थितीतलं १९१७चं लुगर शंभर वर्षं जुनं असलं तरी या सवलतीत येत नाही. जुन्या वाड्याच्या माळ्यावर किंवा फौजेत गेलेल्या पणजोबांच्या पेटीत असं काही सापडलं, तर छायाचित्रं टाकून किंमत विचारण्याआधी त्याला हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.